गुणमालाचा नेम

लढाईच्या दिवसांत सांगलीत गहू दिसेनासा झाला, तरी चंपाबाईंनी नातवाची खपली गव्हाची खीर एक दिवस चुकू दिली नाही. नाव बाहुबली, पण पोर खिरीवर वाळतच चाललं होतं. पोट तेवढं नगाऱ्यासारखं फुगलेलं. थोरला असाच हातचा गेला होता. त्याच्या आईच्या, गुणमालाच्या, काळजाचं पाणी पाणी झालं. तिनं जैन बस्तीतल्या पार्श्वनाथापुढं पदर पसरला आणि पोर बरं होईपर्यंत गहू सोडला.

पोर जेवायचं आईच्याच ताटात. आईनं सोडलेलं त्याला कसं भरवायचं, म्हणून खीरही थांबली. दोघं जोंधळ्याच्या भाकरीवर आली, आणि बघता बघता पोराच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते अंगणभर पळायला लागलं.

चंपाबाईंना आनंद मावेना. सुनेला म्हणाल्या, "देवानं ऐकलं बघ तुझं. आता खिरीनंच पारणं फेड."

गुणमालानं खिरीचा पहिला घास पोराच्या तोंडात घातला. मग खीर पुन्हा रोजची झाली, आणि पोराचं पोटही पुन्हा फुगलं. पाय काड्या झाले.

पोराला छातीशी घट्ट धरून ती बस्तीकडं निघाली. चंपाबाई सोबत होत्या.

"आत्याबाई, माझा नेमच हलका पडला वं. गव्हावाचून काय अडतंय माणसाचं? देवाला मोठं कायतरी द्याया पायजे."

"म्हंजे गं?"

"ह्या खेपेला मी जोंधळा सोडते."