मागच्या सीटचा भार

अंगणात शिरून शेजारच्या माहत्तेकाकांनी घराभोवती तीन चकरा मारल्या. बर्फाच्या प्रत्येक उंचवट्यावर त्यांच्या जुन्या स्नोमोबाइलचं मागचं अंग आधी खट् वाजे, मग ढप्प आपटे.

"ऐकलंस?" गाडी थांबवून ते ओरडले. "म्हातारीचे गुडघे गेले!"

"पहिल्याच चकरेत ऐकलं, काका. उरलेल्या दोन कशाला?" नीलास वर्कशॉपच्या दारातून हसला.

तो हात पुसून बाहेर येईपर्यंत त्याची आई इंगा पुढे झाली होती. कंबरेवर हात ठेवून ती वाकली आणि गाडीमागे बांधलेल्या स्लेजचा, बर्फावरच्या घसरगाडीचा, दोर तिनंच सोडवला.

"आई, तुझी कंबर!"

"कंबर माझी आहे. तू गाडीचं बघ."

नीलासला आज नुसतं गाडीचंच बघायचं नव्हतं. काकांची आईवेगळी मुलगी सुन्ना आणि तो, दोघांचं हिवाळाभर जमलं होतं. ईस्टर आठवड्यावर आला होता. ईस्टरला चर्चमध्ये लग्नांची रांग लागते. "बाबांना विचार," सुन्नानं बजावलं होतं, "पण रीतीनं."

रीत जुनी होती. मागणी घालणाऱ्यानं आपली कॉफी आपण उकळायची आणि त्या घरच्या कर्त्या माणसापुढे ठेवायची. तो प्याला, की सोयरीक झाली. कप तसाच राहिला, तर टोपी घालायची आणि निघायचं.

काकांच्या दारी जायचा नीलासला धीर होत नव्हता. पण आज काकाच दारी आले होते. सकाळपासून त्यानं शेगडीवर चांगली दाट कॉफी ठेवली होती.

"कॉफी घेता ना, काका?"

"आधी काम." काकांनी पिशवीतून स्वतःची काळीकुट्ट किटली काढली आणि नीलासच्या किटलीशेजारी ठेवली. "आणि मी माझ्या हातचीच पितो. तूही हीच घे."

होणाऱ्या सासऱ्याला नाही कोण म्हणणार? किटली उकळल्यावर काकांनी कप भरून पुढे ठेवला आणि नीलासनं मुकाट्यानं तोंडाला लावला.

मग त्यानं गाडीचं मागचं अंग उचलून सोडलं. ते खाली बसलं ते बसलंच, वर येईना. "स्प्रिंगा मेल्यात." दोघांनी मिळून गाडी रेनडियरच्या जुन्या कातड्यावर आडवी केली. चार बोल्ट काढून नीलासनं रबरी पट्ट्याच्या आतला सांगाडा बाहेर ओढला आणि पहार घालून एक दांडा हलवला. दांडा म्हाताऱ्याच्या दातासारखा डुगडुगला.

"बुश पार झिजलेत. गोल भोक अंड्यासारखं झालंय. ग्रीस शेवटचं कधी दिलं होतं?"

"तुझा बाप होता तेव्हा. त्यानंच दिलं होतं."

शेगडीत लाकूड तडकलं.

नीलासनं स्प्रिंगचा ताण बसवायची चावी निरखली. "अहो काका, ही तर सगळ्यात कडक, दोघांच्या वजनाला लावलीये! मागे बसतं कोण?"

काका शेगडीकडे बघायला लागले. "चाऱ्याची पोती."

"पोती स्लेजमध्ये घालतात. सीटवर कशाला?"

"तू मिस्त्री आहेस की पोलीस?"

सुन्नाच बसत असणार. नीलासचे कान तापले आणि पुढचं विचारायचं त्यानं गिळून टाकलं.

त्यानं नवे बुश ठोकून बसवले, ग्रीस भरलं, खरवडलेली आस बदलली. नव्या स्प्रिंगचं टोक दोराचा फास टाकून ओढलं, तेव्हा ती दोनदा निसटली. काकांनी दोन्हीदा टाळ्या वाजवल्या. इंगा सुक्या मांसाची ताटली घेऊन आली. गुणगुणत होती:

तीन फेरे घराभोवती, पाहुणा गं कोण आला...

"आता दणके बसणार नाहीत ना?" तिनं विचारलं.

"कुणाला?"

"गाडीला रे!"

ती गेली. काकांनी नीलासचा कप पुन्हा भरला आणि त्यानं तोही रिचवला. नीलासची कॉफी मात्र शेजारी आटून डांबर होत चालली होती.

सांगाडा पुन्हा आत गेला, बोल्ट आवळले, गाडी उभी राहिली. नीलासनं ताणाच्या चावीवर हात ठेवला आणि एक खडा टाकून पाहिला.

"काका, आता एकट्यापुरती मऊ लावू का? यापुढे मागे कुणी बसणार नाही, असं समजू या."

"छे! दोघांचीच ठेव."

म्हणजे हा माणूस लेक सोडणार नाही. पण आता माघार कसली? त्यानं आपली कॉफी ओतली आणि कप पुढे केला.

"काका, सुन्ना..."

काकांनी कपाकडे पाहिलंसुद्धा नाही. ते दाराकडे पाहत होते. दारात इंगा उभी होती. अंगावर लाल शाल, छातीवर चांदीचं पदक, पायांत सणाचे पांढरे बूट. ती सरळ आली आणि गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसली. मागचं अंग हळूच दबलं, हळूच वर आलं.

"आता सोसेल माझ्या कंबरेला," ती म्हणाली, आणि मागणीचं जुनं गाणं सोडलं होतं तिथून पुढे गुणगुणू लागली:

दोर जिनं सोडविला, तिनं गं होकार दिला...

"या घरचा कर्ता तू, आणि माझे दोन कप प्यायलास, पोरा. आता परत घेता यायचे नाहीत," काका म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. "आण बघू आता तुझी."