पागोट्याचं चित्र

निलमचं लग्न झालं ते साल दोन हजार तीन. त्याच वैशाखात तिच्या आईला, जिवनबाईला, लकवा मारला. आता आषाढ लागला होता, आणि तिच्या डाव्या हाताचं बोट संगणकाच्या कळेवरच्या पागोट्याच्या चित्रापाशी येऊन पुन्हा मागं सरत होतं.

"काहून अडली ती?" किसनसिंगांनी दारातून विचारलं. बसायचे, उठायचे, परत दारात यायचे. बायकोची वाचा गेल्यापासून त्यांच्या पायाला भिंगरी लागली होती. ही आपल्याशी अवाक्षर न बोलताच मरून जाईल, एवढंच डोक्यात.

त्यांचा मुलगा प्रेमदास हिंगोलीच्या क्लासात प्रोग्रामिंग शिकवायचा. तिथला जुना संगणक त्यानं सेनगावजवळच्या तांड्यावर, घरी आणला. कळांवर चित्रं चिकटवली. आईनं कळ दाबायची, पडद्यावर शब्द उमटायचा. पण प्रोग्रामच्या लेखी प्रत्येक चित्र म्हणजे त्यानं स्वतः घडवलेली वस्तू, 'ऑब्जेक्ट'. संगणक तिला मजकूर मानेना. एकीला दुसरी जोडली की अडून बसायचा. मग प्रेमदासनं त्या वस्तूंना मजकुराच्या चालीरीती शिकवल्या. एकमेकींना जोडून घ्यायचं, अक्षरं मोजून द्यायची, ओळीत आपली जागा धरायची. आतून चित्र, वागायला शब्द. आता "पुजा पाणी" उमटलं की सून पुजा तांब्या घेऊन यायची.

पागोटं दाबलं की "किसनसिंग" उमटणार होतं. ते जिवनबाई दाबतच नव्हती.

प्रेमदासनं सगळं पुन्हा तपासलं. "बराबर तर आहे."

"तुझा डबा बराबर हाय रे," आत्या भिकाबाई हसली. "जलमभर तिनं नवऱ्याचं नाव घेतलं न्हाई. आता तुझ्या डब्यापायी घेईल व्हय?"

"मग हाक कशी मारायची ती?" प्रेमदासनं विचारलं.

सगळे किसनसिंगांकडं बघू लागले. म्हातारा लाजला.

"आधी जराशी गप ऱ्हायची," ते म्हणाले. "मग म्हणायची, भाकर वाढली. त्या गप ऱ्हाण्यावरून मला कळायचं, हे मला हाय."

प्रेमदासनं कळफलक पुढं ओढला. मग त्यानं नाव पुसलं. मोकळी जागाही संगणकाला मजकूरच; तीही मोजली जाते, तीही जोडली जाते. पागोट्याला त्यानं तेवढीच दिली.

जिवनबाईनं पागोटं दाबलं. पडद्यावर काहीच उमटलं नाही. तिनं आणखी एक कळ दाबली. ओळीच्या तोंडाशी रिकामी जागा, आणि पुढं एकच शब्द: "जवळ."

पुजा जागची हलली नाही. म्हातारपणी साक्षरता वर्गात शिकलेली अक्षरं जुळवत किसनसिंगांनी तो शब्द वाचला, आणि जाऊन खाटेच्या कडेला बसले. त्या दिवसापासून ते दारात फारसे दिसले नाहीत.

तांडा जिवनबाईचे दिवस मोजत होता. पौषात, दोन हजार चारच्या जानेवारीत, वारले ते किसनसिंग.