बोटीवर न्यायची गाडी

साहेब, तुमच्या पुरवठा कार्यालयाची माणसं उंबऱ्यावर पाय न ठेवता फोनवरच गरिबाचं घर तपासतात.

झरी गावची सरजाबाई एकटी, राशनच्या धान्यावर जगणारी. तिची लेक निकिता जुळ्या पोरांना घेऊन पुण्याहून आली होती. जावयाला कंपनीनं क्रूझची, म्हणजे मोठ्या बोटीवरची सहल दिलेली, त्यासाठी मायलेकी परभणीच्या दुकानात बाबागाडी निवडायला गेल्या. निकिताच्या मनात तीन चाकांची भरली, झटक्यात घडी होणारी.

"बोट डुलली की पोरं उलथतील माय," सरजाबाईनं चाकं हलवून निकाल दिला. "चारचाकीच घे."

ती घेऊन घरी पोचतात तोच राशनकार्डाच्या तपासणीचा फोन आला. "आजी, घरात चारचाकी आहे का?"

"हाय की! मीच पसंत केली," सरजाबाई तोऱ्यात म्हणाली. "बोटीवर बी नेणार हाय."

चौथ्या दिवशी राशन दुकानदारानं हात जोडले. "मावशी, तुमचं नाव कटलं. चारचाकीवाल्याला धान्य न्हाई."



सरजाबाईनं दोन्ही नातवंडं गाडीत बसवली आणि ती गाडी ढकलत थेट तुमच्या टेबलासमोर आणून उभी केली: "साहेब, ह्याच्यात पेट्रोल कुठून घालायचं, तेवढं सांगा."