किती सालांचं छप्पर

धुळाजी सुतार वाशावर चढून बसला होता. खाली आंब्याच्या सावलीत फळ्या आणि डांबरी कागदाची गुंडाळी होती, पत्रे उन्हात पडले होते. बागेतल्या त्या एका खोलीच्या भिंती झाल्या होत्या, वासे-रिपा बसल्या होत्या. छप्पर तेवढं बाकी. शांतादेवी दारापुढं बाजेवर बसून कामावर नजर ठेवून होत्या.

“आक्का, छप्पर किती साल टिकाया पायजे?” धुळाजीनं वरूनच विचारलं.

“म्हंजे?”

“राखणदारच ऱ्हाणार आसंल तर नुसते पत्रे हुकावर आडकवतो. नको झालं की उतरवा. घरचं माणूस ऱ्हाणार आसंल तर आदी फळ्या, त्येच्यावर डांबरी कागद, मंग पत्रा. तापत न्हाई, गळत न्हाई. पर एकदा ठोकलं की ठोकलं. काढाया गेलं तर फळ्या फुटत्यात.”

“पत्रेच टाक,” बाजेशेजारी उभा केदारनाथ आईच्या आधी बोलला. “ताई चार दिस हाय. भाऊजी येतेलच न्याया.”

हे चार दिवस शांतादेवींनीच साऱ्या धर्मापुरीला सांगितले होते. लेक संक्रांतीला आली, तेव्हापासून. आता चैत्र लागला होता. परवा देवळात भिवराबाईनं खोचून विचारलं, तेव्हाही त्यांनी तिला जागच्या जागी झाडलं होतं, “माझी लेक तुज्या चुलीवर तर जेवत न्हाई ना?” पण चौकातल्या एसटीडीवाल्याकडं त्या रोज जावयाच्या फोनची चौकशी करत. तो रोज नकाराची मान हलवी.

महानंदा आत शिलाई मशीनची जागा वितीनं मोजत होती. भावाचं बोलणं ऐकून तिची वीत भिंतीवरच थांबली. तिनं आईकडं पाहिलं नाही.

शांतादेवी उठल्या. उन्हातल्या पत्र्यावर पंजा टेकवला आणि चटका बसताच काढून घेतला.

“ह्येच्याखाली म्हैस तरी बसंल का रं?” त्यांनी केदारनाथला विचारलं. मग वर बघून म्हणाल्या, “फळ्या टाक.”

“माय, लोक काय म्हनतेल? लेकीला कायमचं ठेवून घेतलं म्हनतेल.”

“त्यांला म्हनावं, पावसाळ्यात या. गळतंय का तेवढं बघून जा.”

 धुळाजीनं दोघांचं मन राखायला तोड काढली. “आक्का, खिळ्याऐवजी स्क्रू मारू का? ताई सासरी गेल्या की उलगडून घ्या. फळ्या वाया न्हाई जायच्या.”

 शांतादेवींनी खिळ्यांची पिशवी उचलून दारातून महानंदाच्या हातात दिली.

“वर दे त्याला. आन धुळाजी, लांबडे खिळे घे. पार गेले की टोकं खालून वाकव.”

“मंग कदीच निघायचे न्हाईत, आक्का.”

“कावून निघाया पायजेत?”

पहिली फळी बसली. रिपेतून खिळ्यांची चार टोकं खोलीत डोकावली. ती वाकवायला धुळाजी खाली उतरायला लागला, तोवर महानंदानं मशीनचं स्टूल ओढलं, त्यावर उभी राहिली आणि हातोडीसाठी हात वर केला.