डावा पीळ

तार उलटी पिळलेली होती.

यानिक शेडच्या गार जमिनीवर गुडघे टेकून बसला होता. साखळीच्या पेटीचे झाकण उघडायचे म्हणून त्याने पक्कड पुढे केली, आणि हात तसाच थांबला. बर्फावर धावणाऱ्या शर्यतीच्या स्नोमोबाइलचे बोल्ट बारीक पोलादी तारेने एकमेकांना जखडलेले असतात. धक्क्यांनी ते सैल होऊ नयेत म्हणून. तार हाताने पिळतात, आणि माणसे ती उजवीकडे पिळतात. ही मात्र डावीकडे वळत गेली होती, एखाद्या वेलीसारखी संथ आणि एकसारखी. आबितिबीच्या साऱ्या मुलखात असा पीळ घालणारा एकच डावखुरा मेकॅनिक त्याला ठाऊक होता. तो या क्षणी स्वयंपाकघरात वाटाण्याचे सूप गरम करत होता.

गाडी तर स्टीव ब्रासारची होती. तीन हिवाळ्यांपूर्वी याच गाडीने यानिकला अंतिम शर्यतीत हरवले होते, गाडीच्या पुढच्या स्कीच्या टोकाएवढ्या अंतराने. स्टीवला एका मोठ्या संघाने उचलले. यानिक लाकूड-गिरणीत परतला आणि पुन्हा कधी आरंभरेषेवर उभा राहिला नाही. यंदा स्टीव शर्यती सोडून गावी आला, त्याने जुनी गाडी विकायला काढली, आणि ती यानिकने घेतली. ट्रेलरवर चढवताना स्टीव हसून म्हणाला होता, "चला, घरीच चालली म्हणायची." यानिकला तो टोमणा वाटला होता. त्याने तो गिळला होता.

जिने हरवले तिला माणसाळवावे, एवढेच त्याच्या मनात होते. त्याने गाडीखालच्या रबरी पट्ट्यातले बर्फ पकडणारे खिळे काढले. दगडासारख्या स्प्रिंगा बदलून मऊ घातल्या. शर्यतीच्या गाडीला नसतो तो दिवा बसवला, हँडलच्या मुठी ऊबदार केल्या, वाऱ्याला अडवणारी उंच काच लावली. आणि मागे दुसरी बैठक बसवली, पाठ टेकायला जाड उशी असलेली. रोझेरचे, म्हणजे त्याच्या वडिलांचे, गुडघे आता गेले होते. गोठलेल्या तळ्यावरच्या मासेमारीच्या झोपडीपर्यंत त्यांना मागे बसवून न्यायचे होते.

"अरे, शर्यतीचा घोडा दूधवाल्याच्या गाडीला जुंपलास की!" दारात टेकून गाएतानकाका म्हणाला होता. "आता घुंगरूही बांध."

"बाबांना बसायचंय, काका."

"रोझेरला? आणि मागे? त्याला विचारलंस?"

"त्यात काय विचारायचं? आराम नको का त्यांना?"

काकाने टोपी कानांवर ओढली होती आणि विषय हवामानावर नेला होता.

आता फक्त दातेरी चाके बदलायची राहिली होती. क्षणात उसळणारी काढून लांब वाटेवर शांत चालणारी घालायची. म्हणून तर पेटी उघडायची होती. या सगळ्या दिवसांत रोझेर शेडमध्ये एकदाही आले नव्हते. "थंडी आहे," ते म्हणत. ज्या माणसाचे अर्धे आयुष्य याच शेडमध्ये गेले, त्याला थंडी! यानिकने ते गुडघ्यांवर ढकलले होते.

हरल्याच्या संध्याकाळी वडिलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. "तुझं काही चुकलं नाही, पोरा. त्याची गाडीच चांगली होती." त्या एका वाक्याला टेकून यानिकने तीन हिवाळे काढले होते. आज त्याच वाक्यात त्याला कारागिराचा अभिमान ऐकू आला.

त्याने तार कापली, आत नेली, आणि सुपाच्या वाडग्याशेजारी ठेवली.

"हे तुमचं."

रोझेरनी ती उचलली. पिळावरून अंगठा फिरवला. "हो."

"अंतिम शर्यतीच्या आधी केलंत?"

"सगळा हिवाळा."

"तुम्ही तर म्हणायचात, गाएतानकाकाकडे पत्ते खेळायला जातो."

"मला पत्ते कधी आले, यानिक?"

म्हणजे काकालाही ठाऊक होते. स्टीवला तर होतेच. कदाचित गिरणीतल्या साऱ्यांना असेल. चुलीवरचे सूप बुडबुडत राहिले. ते खाली उतरवायला कोणी उठले नाही.

"माझे बाप ना तुम्ही?" यानिकचा आवाज त्याच्या ताब्यात राहिला नाही. "शर्यतीच्या रेषेवर मी उभा, आणि तुम्ही त्याची गाडी बांधत होतात? मी काय कमी केलं तुमचं? तुमचे गुडघे दुखतात म्हणून मॉन्ट्रियलहून मेकॅनिक आणला. तुम्हाला एका बोल्टाला हात लावू दिला नाही. पहिल्या रांगेत, शेगडीशेजारी तुमची जागा धरली होती. खुर्चीवर तुमचं नाव लिहून घेतलं होतं, बाबा!"

"लिहून घेतलं होतंस."

त्या आवाजात राग नव्हता. रोझेरनी खिडकीबाहेर पाहिले. शेडचे दार उघडेच राहिले होते, आणि आत, दिव्याखाली, ती नवी मागची बैठक दिसत होती. त्यांनी तार टेबलावर ठेवली, हलक्या हाताने, डाव्याच.

"तू मला खुर्ची दिलीस, पोरा. त्यानं पाना दिला."