लाल पट्ट्याच्या मागे

बाळांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुमची शाळा सुटली आहे. साकोलीबाहेर हायवेलगत एक पेपर मिल आहे, तिच्या भिंतीला टेकून तुम्ही बसला आहात. समोर धानाच्या तणसाचे डोंगर, नाकात भिजलेल्या लगद्याचा आंबूस वास. भिंतीपलीकडे मशीन गरगरते आहे आणि त्या गोंगाटातून एक माणूस बोलतो, "लाल पट्ट्याच्या मांगं राहा भाऊ. घरी लेकरू वाट पाहून राहिलं."

गुंजन रोज अशीच बसे, आईची पाळी सुटेपर्यंत. ते वाक्य ऐकलं की तिला हसू येई. ते लेकरू म्हणजे तीच होती आणि बोलणारे तिचे बाबा, सुखराम. मग ती डबा उघडे.

मिलमध्ये सगळं बदलत चाललं होतं. कागद ओला की कोरडा, जाड की पातळ, हे आता सेन्सर सांगत. नागपुरात बसलेला साहेब मोबाईलवर आकडे बघून मशीनचा वेग कमी-जास्त करी. पण कागद तुटला की माणसं अजूनही टोक धरायला धावत, फरशीवर मारलेला लाल पट्टा ओलांडून थेट रोलरपाशी. घंटी कितीही वाजो, तिला कोणी जुमानत नसे. सुखरामला मात्र सगळे जुमानत. मशीनवरचा सेवकराम म्हणे, "मी घरी बायकोचं ऐकत नाही तेवढं याचं ऐकतो. न ऐकून करता काय? पुन्हा तेच बोलते."

गेल्या वर्षी, लाल पट्ट्यावरच्या सेन्सरच्या तारा जोडायच्या बाकी होत्या त्या आठवड्यात, एक माणूस रोलरमध्ये ओढला गेला होता. त्यानंतर कोणी नाही. त्याच उन्हाळ्यात गुंजनच्या आईला, चंद्रकांताला, मिलमध्ये रद्दी निवडायचं काम लागलं.

शनिवारी पाळी सुटली तेव्हा सुपरवायझर कैलाश मायलेकींपाशी आला. बराच वेळ हातातलं हेल्मेट फिरवत राहिला. मग म्हणाला, नवी यंत्रणा येते आहे, कंपनीच्या सगळ्या मिलमध्ये एकसारखी. सोमवारपासून सुखरामचं काम नाही.

"काहून?" चंद्रकांता म्हणाली. "एक वेळ तरी चुकले का ते?"

"चुकले नाही वहिनी. मलेच दोनदा वाचवलं त्यानं. पण वरचा हुकूम आहे."

"पोरीची परीक्षा तरी होऊ द्या. त्याईचा आवाज ऐकल्याबिगर पोरगी जेवत नाही."

कैलाशने मान खाली घातली. साहेबांना विचारून पाहिलं, म्हणाला, हसले ते. मग हळूच बोलला, "उद्या मशीन बंद आहे. पोरीले आत घेऊन या. एकदा जवळून ऐकू द्या."

रविवारी आईने गुंजनच्या डोक्याला तेल लावून घट्ट वेण्या घातल्या. दिवाळीचा फ्रॉक काढून दिला. बाबा सगळ्यांना भाऊ म्हणत. सेवकरामला भाऊ, कैलाशलाही भाऊ. आज एकदा त्यांनी आपलं नाव घ्यावं, एवढंच तिला हवं होतं.

गेटवर कैलाशने तिला हेल्मेट दिलं. ते डोळ्यांवर उतरलं, तसं तो हसला, पण लगेच दुसरीकडे बघू लागला. शेडच्या दारात आईचे पाय थांबले.

"तू जाय. मी इथंच आहो."

आत रोलर निपचित पडले होते. एवढ्या मोठ्या शेडमध्ये कोणी नव्हतं. लाल पट्ट्यापाशी एका खांबावर बाबांचा फोटो होता, त्यावर दसऱ्याचा झेंडूचा वाळका हार आणि फोटोच्या वर एक भोंगा. तारा जोडायच्या आधीच बाबांनी त्यासाठी आपला आवाज भरून ठेवला होता.

"बाबा, मी गुंजन," ती म्हणाली, आणि तिने पट्ट्यापलीकडे पाय टाकला.

"लाल पट्ट्याच्या मांगं राहा भाऊ," भोंगा बोलला. "घरी लेकरू वाट पाहून राहिलं."

गुंजनने पाय मागे घेतला. मग पुन्हा पुढे टाकला.