भिंतीविना दार

नव्या भागात येऊन तिसरा आठवडा संपला, तरी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या, दारोदार फिरणाऱ्या तरुण धर्मप्रचारकासाठी एकही दार उघडले नव्हते. आजही उघडले नाही, तर घरी पाठवण्याची विनंती करायची, असे त्याने सोबतच्या प्रचारकाला सांगितले. गल्लीच्या टोकाला सुताराची कार्यशाळा होती. उन्हात तरंगणाऱ्या भुशामध्ये एक नवे दार चौकटीसह उभे होते. भोवती भिंतच नव्हती. त्याने सवयीने त्यावर टकटक केली. "अरे, इतकं घाबरत वाजवलंस तर दारालाही कळायचं नाही! पुन्हा वाजव," म्हणत सुतारकाका दारामागे गेले. त्याने तीन ठोके दिले. दार उघडले. "बोला, काय काम काढलंत?" पाठ केलेली वाक्ये एकाएकी विरघळली. "काका, घरची फार आठवण येते." काका बाजूला सरले. "मग बाहेर का उभा? आत ये." बाजूने जाता आले असते, तरी तो उंबरठा ओलांडूनच गेला.